मुलासाठी वेगळं पुस्तक शोधू नका, दोघांना पुरेल असं आणा

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईने विचारलंय: "मुलगा नववीत आहे, सीबीएसईला. मुलगी सातवीत. मराठी वाचायला दोघंही कंटाळतात, मुलगा तर शाळेच्या पुस्तकाबाहेर काहीच वाचत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात सगळ्यांनी मिळून काही वाचावं असं मनात आहे. मुलांचे बाबा म्हणतात, ज्यातून काही शिकायला मिळेल तेच आणा. कोणती पुस्तकं निवडू? आणि पुस्तक चांगलं आहे हे ओळखायचं कसं?"

ताई, सगळ्यांनी मिळून वाचायचं असं तुम्ही ठरवलंत यातच निम्मं काम झालं. मी नागपुरातल्या शाळांमध्ये ग्रंथपाल होते आणि आता आठवी ते बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील यांचे वाचनगट चालवते. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक मुलासाठी पुस्तक मागतात, स्वतःसाठी मागणारे अगदी थोडे. माझं आग्रहाचं सांगणं असं, की किशोरवयीन मुलासाठी म्हणून वेगळं पुस्तक शोधत बसूच नका. जे हातात घेतलं की रात्री अकरा वाजले तरी तुम्हाला स्वतःला खाली ठेववणार नाही, आणि ज्यावर तुमचं नि मुलाचं मत वेगळं पडू शकेल, असं पुस्तक घरी आणा. आधी तुम्ही वाचा. मग ते त्याच्या हाती पडू द्या.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पुस्तक देण्यामागचा हेतू लगेच कळतो. मुखपृष्ठावर कोट घातलेला माणूस आणि आत यशाची सूत्रं, अशी पुस्तकं वाढदिवसाला हौसेने दिली जातात. ती सगळी टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही. पण मुलगा त्यातून एकच गोष्ट वाचतो: मी आहे तसा यांना पुरत नाही. ट्यूशनमध्ये, टेस्ट सिरीजच्या निकालात, नातेवाइकांच्या चौकशीत तो दिवसभर तेच ऐकत असतो. घरी आल्यावर पुस्तकानेही तेच सांगितलं तर तो पुस्तक मिटून मोबाइल उघडेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी बघते. पहिली, यातली मोठी माणसं चुकतात का? ज्या पुस्तकात आई, वडील, शिक्षक सगळे कायम बरोबर असतात आणि चुकून शेवटी सुधारतं ते फक्त मूल, ते पुस्तक या वयाच्या मुलाला खोटं वाटतं. त्याने आता घरातली मोठी माणसं नीट पाहिलेली असतात. वडील फोनवर साहेबांशी कसे बोलतात आणि फोन ठेवल्यावर काय बोलतात, हे त्याला ठाऊक असतं. दुसरी गोष्ट, पुस्तकातल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःचा एखादा निर्णय घ्यावा लागतो का? कुणी सोडवायला येणार नाही असा. या दोन्ही गोष्टी असतील तर ते पुस्तक तेरा वर्षांच्या आणि पंचेचाळीस वर्षांच्या, दोन्ही वाचकांना धरून ठेवतं. भाषा सोपी आहे का, पानं किती, चित्रं आहेत का, हे सगळं नंतर.

याच कसोटीवर मी 'श्यामची आई' नववीच्या मुलाला सुचवत नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात असताना १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक मला फार जवळचं आहे. पण त्यात चुकतो तो श्याम, आणि आई जवळपास कधीच चुकत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते भिडतं. चौदाव्या वर्षी आईने ते हातात दिलं, तर मुलाला त्यात आईचं मागणं दिसतं. तुमच्या मुलीला ते आता चालेल. आणि तुम्ही स्वतः ते पुन्हा वाचा, आई झाल्यावर ते वेगळं लागतं.

सुरुवात 'अ‍ॅन फ्रँकची डायरी'पासून करा असं मी बहुतेक घरांना सांगते, तुमच्याकडे मात्र ते जरा नंतर येऊ द्या. ज्यू मुलगी, हिटलर, छळछावणी, एवढं शाळेत कानावर आलेलं असतं. पण घरात वाचताना वेगळंच काही समोर येतं. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी अ‍ॅनला वही मिळाली. जुलैत सगळं कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये वडिलांच्या कचेरीच्या मागच्या जागेत लपलं, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये पकडलं जाईपर्यंत आठ माणसं तिथे कोंडून राहिली. त्या दोन वर्षांत ती आईबद्दल अतिशय कडवट लिहिते. आपल्या शरीरात होणाऱ्या बदलांबद्दल लिहिते, वरच्या मजल्यावरच्या पीटरबद्दल लिहिते. कुटुंबातून एकटे वडील, ऑटो फ्रँक, वाचले. मुलीची वही त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९४७ मध्ये प्रसिद्ध केली, पण आईविषयीचा आणि शरीराविषयीचा काही मजकूर गाळून. तो पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत परत आला. वही वाचल्यावर ऑटो फ्रँक यांनी जे म्हटलं ते मी पालकांच्या प्रत्येक गटात सांगते: मुलीशी आपलं इतकं सख्य असूनही तिच्या मनात हे एवढं चाललंय याचा आपल्याला पत्ता नव्हता, आणि बहुतेक आईवडील आपल्या मुलांना खरोखर ओळखत नाहीत.

हे पुस्तक घेताना आवृत्ती बघून घ्या, संपूर्ण मजकुराची घ्या. आणि एक युक्ती सांगते, इंग्रजी माध्यमाच्या घरांत ती फार कामी येते. मुलाला इंग्रजी प्रत द्या, तुम्ही मराठी अनुवाद वाचा. रोज एकाच तारखेच्या नोंदीपर्यंत यायचं. त्याला इंग्रजीचा वेग आहे, तुम्हाला मराठीचा, त्यामुळे कुणी कुणाच्या मागे राहत नाही. माझ्या एका गटात आईविषयीच्या नोंदींवर बोलणं निघालं तेव्हा आठवीतली एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तिची आई म्हणाली, "वाचताना मला रागच आला. मग आठवलं, या वयात मी वही लिहिली असती तर माझ्या आईबद्दल हेच लिहिलं असतं." मुलीने मान वर करून विचारलं, "काय लिहिलं असतं?" पुढचा अर्धा तास आम्ही बाकीच्यांनी फक्त ऐकलं.

नववीतल्या मुलाचं म्हणाल तर मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). मुकुंद जोशी नववीतच आहे, काळ आणीबाणीचा. त्याचं शिरोडकर नावाच्या वर्गातल्या मुलीवर मन बसतं. पालक इथेच थबकतात: प्रेमाचं पुस्तक नववीतल्या मुलाला कशाला? शिव्याही आहेत. ताई, ज्या गोष्टी मुलाच्या वर्गात रोज चालतात त्या पुस्तकात आल्या म्हणून मुलगा बिघडत नाही. उलट आपल्या मनात जे चाललंय ते दुसऱ्याच्याही मनात होतं, आणि कुणीतरी ते इतक्या हळुवारपणे लिहून ठेवलंय, याचा त्याला केवढा आधार वाटतो. या कादंबरीत नरूमामा आहे. मुकुंद त्याच्याशी मुलींबद्दल बोलू शकतो आणि मामा हसत नाही, उपदेश करत नाही. नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा पुस्तक परत करताना मला एवढंच म्हणाला, "मॅडम, असा मामा पाहिजे होता मले." तुम्ही दोघांनी ही कादंबरी नरूमामाकडे लक्ष ठेवून वाचा. तुमच्या घरात मुलाला असं बोलायला कोण आहे? काका, मावसभाऊ, शेजारचा दादा? कुणीच नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

आता आपल्या नागपूरचं एक पुस्तक. ते मला प्रत्येक सीबीएसई घरात हवं आहे. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट'. तुमच्या मुलाला संस्कृत असेल कदाचित. बऱ्याच मुलांना असतं, कारण त्यात गुण चांगले मिळतात. कुमुदताई नागपूरच्या, जन्म महार कुटुंबातला, आणि त्यांना संस्कृत शिकायचं होतं. आपल्या मुलांना जे 'स्कोअरिंग' म्हणून सहज मिळतं त्यासाठी या मुलीला किती दारांशी थांबावं लागलं, ते त्यांनी लिहून ठेवलंय. जात न बघता मनापासून शिकवणारे गोखले गुरुजी त्यात आहेत, आणि पदवी दिसत असूनही नोकरी न देणारी माणसंही आहेत. एम. ए. झाल्यावरही काम मिळेना. लग्नानंतर आडनाव सोमकुवरचं पावडे झालं, मग नोकरी मिळाली. त्याचं श्रेय त्या स्वतःकडे घेत नाहीत, ते आडनावाचं असं लिहितात. हा भाग वाचून झाला की मुलं गप्प होतात, आणि मग प्रश्न येतात ते आईवडिलांना अवघड जाणारे. आपल्या वर्गात कुणाला आडनाव का विचारतात? आपल्या घरी येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का? या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायची गरज नाही. कप वेगळा असेल तर तो वेगळा आहे एवढं कबूल करा आणि दुसऱ्या दिवशीपासून ठेवू नका. मुलांच्या बाबांना शिकायला मिळणारं पुस्तक हवंय ना? यातून जे मिळेल ते मुलापेक्षा घरातल्या मोठ्यांना जास्त मिळेल.

याच वाटेवर पुढे दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आहे. ते तुम्ही दोघांनी आत्ताच वाचा, मुलाला अकरावी-बारावीत द्या. त्यातली काही पानं पोटात खड्डा पाडतात, आणि ती समजायला थोडं वय लागतं. मात्र कपाटात लपवू नका. लपवलेलं पुस्तक मुलं आधी शोधतात आणि एकटी वाचतात. समोर ठेवा आणि सांगा, "हे मी वाचलंय, मला जड गेलं. तुला वाचावंसं वाटलं तर आधी मला सांग, आपण बोलू." वयाबद्दल माझा नियम एवढाच आहे. जे तुम्ही वाचलेलं नाही आणि ज्यावर बोलायची तुमची तयारी नाही, ते मुलाला एकट्याने वाचायला सोडू नका.

घरात चौघांनी मिळून मोठ्याने वाचायचं असेल तर कादंबरीपेक्षा नाटक घ्या. नागपूरच्याच महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', १९८५ साली रंगमंचावर आलेलं. विदर्भातल्या खेड्यातला देशपांड्यांचा वाडा, घरातला कर्ता माणूस नुकताच गेलेला, मुंबईला स्थायिक झालेला मुलगा सुधीर बायकोला घेऊन आलेला. तेराव्याचा खर्च कुणी करायचा, दागिन्यांचं काय करायचं, आईचं पुढे काय. अंगणात कधीचा बंद पडलेला ट्रॅक्टर, येणाजाणाऱ्याला ठेच लागते तरी कुणी तो हलवत नाही. शिकायची इच्छा असून शिकू न दिलेली प्रभा आहे, रात्रंदिवस राबणारी वहिनी आहे, हाताशी असून कुणाच्या खिजगणतीत नसलेला चंदू आहे. आणि शहरातल्या झगमगाटाकडे डोळे लावून बसलेली रंजू.

हे नाटक आमच्या गटात वाचतो तेव्हा भूमिका उलट्या वाटतो. वडिलांना रंजू द्यायची, मुलाला थोरला भास्कर, मुलीला आई. तुम्हीही तसं करून बघा. चौदा वर्षांचा मुलगा भास्करचे संवाद म्हणू लागला की पहिल्या अंकात जरा चेष्टा चालते, आणि मग घराचा भार वाहणाऱ्याचा आवाज त्याच्या तोंडून निघायला लागतो. मुलींच्या वडिलांना रंजूचे संवाद म्हणताना मी अडखळताना पाहिलंय. ही बोली आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची आहे, अमरावती-यवतमाळकडच्या घरांत अजून ऐकू येते. ज्या मुलांना पुस्तकी मराठी जड जाते त्यांना ही बोली मोठ्याने वाचताना आपली वाटते. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. वाचून झाल्यावर एकच विचारा: या घरात सगळ्यात जास्त अन्याय कुणावर झाला? चार जणांची चार उत्तरं येतील.

मुलगी सातवीत आहे, तिला मात्र दादाच्या पुस्तकांच्या मागे फरफटवू नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिच्यासाठी आहे, वेगवान, धाडसी, मराठी वाचनाचा हात मोकळा करणारा. त्यानंतर प्रकाश नारायण संतांचा लंपन, 'वनवास'पासून. तो हळूहळू वाचायचा. भाषेवर बेळगावकडच्या कानडीचा रंग आहे, पहिली काही पानं तुम्ही वाचून दाखवा, मग तिची ती वाचेल. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा कुणालाच काही सांगत नाही आणि वाचकाला सगळं सांगतो.

आणि 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं, मराठीतला चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा आहे आणि त्याची किंमत परवडणारी असते. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा सगळ्यांच्या लक्षात राहते. पालकांनी दुसऱ्या दोन गोष्टींकडे बघावं. पहिल्या भेटीत मुख्याध्यापक कोबायाशी त्या छोट्या मुलीचं बोलणं चार तास ऐकतात, मध्ये जांभई न देता. आणि तिला पहिल्या शाळेतून काढून टाकलं होतं ही गोष्ट आईने ती वीस वर्षांची होईपर्यंत तिला सांगितली नाही. आईने बरोबर केलं का? माझ्या गटातल्या मुलांचं यावर एकमत कधी झालं नाही. काही म्हणतात तिने वाचवलं, काही म्हणतात आम्हाला कळायलाच हवं. तुमच्या मुलीचं मत ऐका. तिच्यापासून तुम्ही जे लपवताय त्याबद्दलही त्यात काही कळेल.

बाबांच्या अटीकडे येते. शिकायला मिळावं हे म्हणणं रास्तच आहे. माहिती, प्रेरणा, ज्ञान देणारी उत्तम पुस्तकं मराठीत आहेत. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून वाचलं जातंय. गुलामीत जन्मलेल्या मुलाने शेतीचं शास्त्र गरीब शेतकऱ्यांच्या दारी नेलं, ही गोष्ट विदर्भातल्या मुलांना वेगळी सांगायला नको. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, 'यक्षांची देणगी' घ्या. आपली पहिली कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती, आपल्या नावावर बक्षीस मिळू नये म्हणून, आणि ती पहिली आली. नाव बाजूला ठेवून स्वतःला अजमावणारा माणूस मुलांना लगेच आवडतो.

आणि पेंचला किंवा नागझिऱ्याला जाणार असाल तर मारुती चितमपल्ली. वनखात्यातली त्यांची बरीच वर्षं नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात गेली. 'रानवाटा', 'जंगलाचं देणं' यातलं एखादं प्रकरण जाण्याआधीच्या रात्री वाचा. मग जिप्सीत बसल्यावर फक्त वाघ दिसला की नाही एवढ्यावर सहल संपत नाही, मुलं झाडांची नावं विचारतात. हेमलकशाच्या प्राण्यांवरचं विलास मनोहरांचं 'नेगल'ही तसंच. प्राण्यांची आवड असलेली मुलं ते एका बैठकीत संपवतात.

पण बाबांनी स्वतःसाठीही एक पुस्तक घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेला, गडचिरोलीत काम करणारा डॉक्टर, चाळिशीत हृदयविकाराचा झटका येतो, आणि मग तो स्वतःचं जगणं तपासतो. वडिलांना पुस्तक वाचताना, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघताना मुलांनी पाहिलं पाहिजे. ज्या घरात वाचायला फक्त मुलांना सांगितलं जातं त्या घरात वाचन हा आणखी एक विषय होतो, गणित-विज्ञानासारखा. तुमच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लहरी, प्रतिभावान नवऱ्याबरोबरचा संसार, त्याचं धर्मांतर, ताटातूट, पुन्हा एकत्र येणं, आणि हे सगळं इतक्या मोकळ्या, हसऱ्या बोलीत. त्या नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, काही काळ नागपूर आणि राजनांदगावकडे गेला, त्यामुळे आपल्या ओळखीचा मुलूखही त्यात भेटतो. यातले प्रसंग जेवताना सांगा. मुलगी पुढचं ऐकायला स्वतः पुस्तक उचलेल.

मराठी वाचायला कंटाळतात म्हणालात. बहुतेक वेळा तो कंटाळा नसतो, वेग कमी असतो. इंग्रजीत झरझर वाचणाऱ्या मुलाला मराठीत जोडाक्षरांशी थांबावं लागतं, मन पुढे धावतं आणि डोळे मागे राहतात, त्याला लाज वाटते आणि तो म्हणतो बोअर आहे. यावर सक्ती हा उपाय नाही. रोज पंधरा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, नववीतल्या मुलालासुद्धा. उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक उघडंच ठेवून उठा. इंग्रजी वाचत असेल तर वाचू द्या, ते कमी दर्जाचं नाही. 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखले यांनी केलेला आणि 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, 'बनगरवाडी'चाही आहे. माणदेशातल्या त्या धनगरांच्या वाडीत शिकवायला गेलेला कोवळा मास्तर इंग्रजीतूनही भेटतो. आपली पुस्तकं इंग्रजीतून वाचून मराठीकडे परतलेली मुलं मी बरीच पाहिलीत.

वाचून झाल्यावर "काय शिकलास?" हे विचारायचं नाही. त्या प्रश्नाने पुस्तकाचा धडा होतो. कुणाचा राग आला, कुठे वाचवेना, तू तिथे असतास तर सांगितलं असतंस का, असं विचारा. आणि आधी तुमचं उत्तर द्या. पुस्तक अर्धवट सोडलं तर सोडू द्या. पन्नास पानं वाचून नाही जमलं तर ते पुस्तक त्याचं नाही, एवढंच.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९२३ ची आहे. आपल्या शहरातल्या वाचनालयांत आज अभ्यासिकांच्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि पुस्तकांच्या कपाटांपाशी कुणी नसतं, हे बघून मला वाईट वाटतं. मुलांना कपाटापर्यंत घेऊन जा आणि दहा मिनिटं एकटं सोडा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. थोर लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं कितीतरी त्यात सापडतं, आणि मोबाइलवरच वाचायचं असेल तर हे वाचू द्या. दिवाळीत 'साधना' साप्ताहिकाचे बालकुमार आणि युवा हे दोन्ही अंक घ्या, दोन मुलांना दोन.

आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर न्या. १४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा जिथे झाला तिथे दरवर्षी लाखो माणसं येतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, डोक्यावर गाठोडं, पायात साधी चप्पल, परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. अक्षर न येणारी आजी नातवाला विचारून पुस्तक निवडताना तिथे दिसते. दोन्ही मुलांच्या हातात थोडे पैसे द्या, आणि काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी काय घेतलं यावर त्या दिवशी काही बोलू नका.

एक गोष्ट गंभीरपणे. पुस्तकाने मन मोकळं होतं, पण पुस्तक हे औषध नाही. मुलगा किंवा मुलगी आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल, तर योग्य पुस्तक कोणतं हे शोधण्यात वेळ घालवू नका. समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि मे महिन्यात दुपारी अकरानंतर कुणी घराबाहेर पडत नाही. कूलरसमोर चौघं एका खोलीत, वर्षातला हाच काळ असतो. पहिल्या आठवड्यात फक्त तीन पुस्तकं आणा: 'वाडा चिरेबंदी' सगळ्यांसाठी, 'तोत्तोचान' मुलीसाठी आणि 'शाळा' मुलासाठी. 'अ‍ॅन फ्रँक' आणि 'अंतःस्फोट' त्यानंतर, तुमचं वाचून झाल्यावर. 'शाळा' तुम्ही दोघांनी आधी वाचून घ्या आणि मग ती प्रत त्याला त्याच्या खोलीत नेऊ द्या. तो आपणहून बोलेपर्यंत त्या पुस्तकाबद्दल विचारू नका. बोलायला आला तर हातातलं काम बाजूला ठेवा.